सातातले तीन

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या तिसऱ्या सामन्याची शेवटची शिट्टी वाजली आणि मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायरीवर बसूनच राहिलो. ०-१. आमची पोरं मान खाली घालून बाहेर निघाली होती. गोलकीपरनं मात्र अजून हातमोजे काढले नव्हते. तो खांबाला पाठ टेकून तसाच उभा, आणि तिकडं मैदानाच्या मध्यावर समोरच्या संघाची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडलेली. आमच्यानंतर चारचा सामना होता, मोठ्या तालमींचा. त्याची गर्दी आत शिरायला लागली, हलगी वाजायला लागली, आणि मघाशी जिथं आम्ही दोन-अडीचशे जण ऐसपैस बसलो होतो तिथं बघता बघता पाय ठेवायला जागा उरली नाही. शेजारी येऊन टेकलेल्या एका गृहस्थानं विचारलं, "काय झालं ओ पयल्या मॅचचं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "असू दे. सुरुवात हाय अजून."

हेच वाक्य गेल्या आठ दिवसांत मी दहा जणांच्या तोंडून ऐकलं आहे. चहाच्या गाड्यावर, तालमीच्या कट्ट्यावर, शिरोलीला आमच्या फौंड्रीत. बोलणारी सगळी आपली माणसं, धीर द्यायला बोलतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ते वाक्य मला पटत नाही, आणि का पटत नाही ते एकदा नीट मांडावं म्हणून लिहायला बसलो.

आधी हिशेब. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या लीगमध्ये वरिष्ठ गटात १६ संघ. त्यातले आठ 'सुपर सीनियर' आणि आठ 'सीनियर'. आम्ही खालच्या आठात. आपल्या गटातल्या बाकीच्या सात संघांशी एकेकदा खेळायचं आणि संपलं. परतीचा सामना नाही, घरचं मैदान नि बाहेरचं मैदान नाही, सगळे एकाच स्टेडियमवर. म्हणजे वर्षभर वाट बघायची ती सात सामन्यांसाठी. इंग्लंडमधल्या खालच्या लीगचे निकाल मी मोबाईलवर बघत असतो. तिथं तिसऱ्या-चौथ्या स्तरावरच्या क्लबालासुद्धा एका मोसमात ४६ सामने मिळतात. पहिले तीन गेले तर शंभरातले साडेसहा गेले. ऑगस्टमध्ये बिघडलेलं नोव्हेंबरपर्यंत दुरुस्त करता येतं. आमचे तीन गेले म्हणजे शंभरातले त्रेचाळीस गेले. तीन सामने, एक बरोबरी, दोन पराभव, एक गुण. केलेला गोल एक, खाल्लेले तीन. याला सुरुवात कशी म्हणायची? जवळजवळ निम्मी वाट चालून झाली आहे.

तालमीचं नाव मी इथं लिहीत नाही. पेठेतल्यांना कळेलच. पण पोरं हे वाचतात, आणि हरत असलेल्या पोरांची नावं चारचौघांत मांडणं मला बरं वाटत नाही.

बाहेरगावच्या वाचकांना एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. कोल्हापुरात फुटबॉलचे क्लब आहेत ते बहुतेक तालमींचे आहेत. तालीम म्हणजे मुळात कुस्तीची. लाल माती, दंड-बैठका, हनुमानाची तसबीर. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आसरा दिला, खासबागचं कुस्ती मैदान बांधलं, ते १९१२ साली उभं राहिलं. त्या काळापासून पेठेपेठेतली तालीम म्हणजे पेठेचं दुसरं घर. गणपती तिथं बसतो, शिवजयंतीची वर्गणी तिथं जमते, भांडणं तिथं मिटतात. आणि याच घराला फुटबॉलचं वेड लागलं, ते कुणाच्या आजोबाच्याही आधीपासून. म्हणून आमच्या संघांची नावंच बघा: पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम. हे संघ कुणा कंपनीच्या मालकीचे नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना उचलून बाहेर काढणाऱ्यांत आमचा त्या वर्षीचा राइट बॅक होता, दोन्ही विंगर होते. त्यामुळे संघ हरला की पेठेत जो सन्नाटा पसरतो तो टीव्हीवरची मॅच हरल्यासारखा नसतो. घरात कुणाला बरं नसल्यासारखा असतो.

आणि घरात कुणाला बरं नसलं की आपण काय करतो? होईल नीट म्हणून बसत नाही. कुठं दुखतंय ते विचारतो.

मी तिन्ही सामने पूर्ण पाहिले. फौंड्रीत दुसऱ्या पाळीच्या एका मित्राशी अदलाबदल करून पाहिले, आणि दुसऱ्या सामन्यापासून खिशात छोटी वही ठेवली. आम्ही कसे हरलो याचं पेठेत चाललेलं वर्णन आणि वहीतलं वर्णन यांत फरक आहे. पेठेत म्हणतात, फॉरवर्ड गोल करत नाहीत. म्हणतात, नशीब फिरलंय, पोस्टला लागला. पोस्टला लागला हे खरं. पण माझ्या वहीत तीन गोलांच्या तीन नोंदी आहेत. दुसऱ्या सामन्यात आम्ही कॉर्नरवर गोल करून पुढं होतो, मग ५८व्या मिनिटाला एक खाल्ला आणि ८१व्याला दुसरा. तिसऱ्या सामन्यात ७४व्याला. तिन्ही वेळा झालेलं असं: त्यांनी उंच चेंडू टाकला, आमच्या सेंटर बॅकनं तो डोक्यानं बाहेर काढला, चांगला काढला, आणि तो गोलसमोरच्या मोठ्या डीच्या बाहेर पाच-सहा पावलांवर पडला. तिथं त्यांचा माणूस होता. आमचा कुणी नव्हता. दोनदा त्यांनी तिथूनच मारला, एकदा आत सरकवला.

तीन गोल, जागा एक. आणि तिन्ही पाऊण तासानंतरचे.

ही जागा म्हणजे काय, हे मला आण्णांनी दाखवलं. आण्णा आमच्या तालमीचे जुने हाफ, म्हणजे मधल्या फळीतले खेळाडू. सत्तरी ओलांडली, गुडघे गेले, पण सामना चुकवत नाहीत. शेंगा खात बघतात, आणि टरफलं खाली टाकत नाहीत, मांडीवरच्या रुमालात जमवतात. तिसऱ्या सामन्याच्या मध्यंतरात त्यांनी तो रुमाल आमच्या दोघांच्या मधे पायरीवर पसरला. मागं चार टरफलं ओळीनं ठेवली. पुढं, बऱ्याच लांब, चार ठेवली. मधे दोन. मग मधल्या दोनातलं एक बोटानं उचललं आणि पुढच्या ओळीत सरकवलं.

"गेल्या वर्षी दोन होती हितं," ते म्हणाले. "औंदा एक हाय. त्येनं किती पळायचं?"

मी बघत राहिलो. एवढा मोठा रुमाल आणि मधे एकच टरफल. मागच्या चौघांनी डोकं मारून चेंडू बाहेर काढला तर तो या रिकाम्या कापडावरच पडणार, दुसरीकडं जायला त्याला जागाच नाही. आण्णांनी त्या एकट्या टरफलाभोवती बोट फिरवलं. "पाऊण तास पळतंय बिचारं. मग दम संपतोय. मग गोल."

उत्तरार्धात ७४व्या मिनिटाला तसंच झालं. आण्णा काही बोलले नाहीत. रुमालाची चार टोकं उचलून त्यांनी गाठ मारली.

आता दुसरं टरफल कुठं गेलं ते सांगतो. गेली चार वर्षं आमच्या मधल्या फळीत दोन हाफ जोडीनं खेळत होते. एक अजून आहे. दुसऱ्याला जूनमध्ये चाकणला नोकरी लागली. कायमची आहे, पगार बरा आहे, घरात लग्नाची बहीण आहे. त्यानं जायलाच हवं होतं, आणि तो जाताना तालमीनं त्याला फेटा बांधून पाठवलं. पण तो गेला म्हणजे संघातून काय गेलं, याची चर्चा त्या दिवशी कुणी केली नाही, मीसुद्धा केली नाही. हाफचं कामच तसं. फॉरवर्ड गेला की पेठेला दुसऱ्या दिवशी कळतं. गोलकीपर गेला की त्याच दिवशी कळतं. जो माणूस पडलेला चेंडू उचलून शांतपणे शेजाऱ्याला देत होता तो गेल्याचं कळायला तीन सामने जावे लागतात. त्याच्या नावावर चार वर्षांत मला आठवतात ते दोन गोल. तो डीच्या बाहेर उभा असल्यामुळे आमच्यावर न झालेले गोल किती, ते कुणी मोजले नाहीत.

ऑक्टोबरात नोंदणीच्या आधी तालमीत बैठक झाली. वर्गणी बरी जमली होती आणि बाहेरून एक खेळाडू आणायचं ठरलं. यात नवं काही नाही. कोल्हापुरातल्या मोठ्या संघांनी परगावचे, परराज्यांतले, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही आणले आहेत, आणि त्यांच्यातल्या काहींवर पेठांनी सख्ख्या भावासारखी माया केली आहे. आमच्या बैठकीत प्रश्न फक्त एवढाच निघाला, कुणाला आणायचं. आणि सगळे म्हणाले, फॉरवर्ड. मी मागच्या बाकावर होतो. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. हात वर केला नाही याचं आज वाईट वाटतं.

तो आलेला मुलगा गुणी आहे. पेठेत खोली घेऊन एकटा राहतो, पहाटे सगळ्यांच्या आधी मैदानावर असतो. पण तीन सामन्यांत त्याच्या पायाशी नीट आलेले चेंडू मी मोजले आहेत. पहिल्यात अकरा, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात सात. उतरती भाजणी. चेंडू त्याच्याकडं जाणार कसा? मागून उंच फेकला जातो, त्याच्या अंगावर दोन बॅक असतात. मधून खेळवत नेणारा कुणी नाही. पायऱ्यांवरून त्याला "पैसं कशाचं घेतोस?" म्हणून ओरडणारी चार पोरं होती, आणि तिसऱ्या सामन्यात मी उठून त्यांना गप्प केलं. आवाज चढला माझा. परमुलखातनं आपल्या दारात आलेल्या पोराला हे ऐकवायचं नसतं. आणि ते खोटंही आहे. गोल तो करत नाही याचं कारण त्याच्या मागं चाळीस पावलांवर आहे.

धीर देणाऱ्यांतले अर्धे लोक अर्जेंटिनाचं उदाहरण देतात. वर्ल्ड कप आला की आमच्या शहरात पेठा निळ्या-पांढऱ्या आणि पिवळ्या-हिरव्या होतात, मेस्सीचे तीन मजली कटआउट लागतात, त्यामुळे ते उदाहरण येणारच. २०२२ चा २२ नोव्हेंबर. आपल्याकडं दुपारी साडेतीनची मॅच. आमच्या तालमीसमोर मोठा पडदा लावला होता. मेस्सीनं दहाव्या मिनिटाला पेनल्टी मारली, मग पूर्वार्धात अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइड दिले गेले, आणि उत्तरार्धात सौदी अरेबियानं पाच मिनिटांत दोन गोल करून सामना २-१ नं नेला. संध्याकाळी पेठेत चूल पेटली नाही असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. आणि २६ दिवसांनी त्याच अर्जेंटिनानं कप उचलला. आमच्या गल्लीत पहाटेपर्यंत गुलाल.

"बघ, पयलीच मॅच हारलेली. काय झालं?" असं मला सांगतात.

मी सांगतो, काय झालं ते पूर्ण सांगा की. सौदीकडून हरल्यावर मेक्सिकोविरुद्धच्या सामन्यात प्रशिक्षक स्कालोनीनं अकरातले पाच जण बदलले. मधल्या फळीत मॅक अलिस्टर आला. एंझो फर्नांडेझ त्या दिवशी बदली म्हणून उतरला आणि त्यानं गोल मारला, पुढच्या, पोलंडविरुद्धच्या सामन्यापासून तो पहिल्या अकरात. दोघंही फायनलला मैदानात होते. एंझो तेव्हा २१ वर्षांचा. त्याला सगळ्या स्पर्धेतला सर्वोत्तम तरुण खेळाडू म्हणून गौरवलं गेलं. स्कालोनी 'सुरुवात आहे' म्हणून तीच माणसं घेऊन परत उतरला असता तर मेक्सिकोविरुद्ध काय झालं असतं देव जाणे. ज्यांच्याकडं मेस्सी होता त्यांनीसुद्धा आपली मधली फळी बदलली. पराभव त्यांनी पचवला हे खरं, पण पचवण्याआधी तो चावून बघितला.

आमच्याकडं बदलायला कोण आहे, हा पुढचा प्रश्न. बाकावर पाच जण. त्यातलं एक पोरगं बारावीत आहे, अंगानं किरकोळ, आवाज अजून पुरता फुटायचा आहे. आमच्या ज्युनियर संघात तो गेली दोन वर्षं हाफ खेळतो. त्याला घ्या म्हटलं की उत्तर ठरलेलं: कोवळं आहे, वरिष्ठ गटात धडका बसतात, मोडेल. काळजी खरी आहे. खालच्या आठातला खेळ अंगावरचा असतो, डिसेंबरात हिरवळ मऊ असते तोवर ठीक, उन्हं तापली की मैदान टणक होतं आणि पडलं की कातडी सोलते.

पण मला २०१७ आठवतं. ६ ऑक्टोबरची रात्र, दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम, १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप. भारताचा कुठल्याही वयोगटातल्या फिफा वर्ल्ड कपमधला पहिला सामना, समोर अमेरिका. आणि भारताच्या आघाडीला कोल्हापूरचा अनिकेत जाधव. आम्ही ०-३ नं हरलो. मग कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. तीन सामने, तीन पराभव. तरीसुद्धा त्या तीन रात्री या शहरात कुणी मान खाली घातली नाही. १७ वर्षांचं आपलं पोरगं जगातल्या पोरांशी धडका घेत होतं, पडत होतं, उठत होतं. मोडलं नाही. पुढं व्यावसायिक लीगमध्ये खेळलं. तिथं १७ चालतात आणि आमच्या सीनियर आठात १७ कोवळे, हे मला कळत नाही.

शिवाय आणखी एक कारण आहे, आणि ते मी बैठकीत न बोललेलं इथं बोलतो. ज्युनियरमध्ये खेळणाऱ्या पोरानं पायऱ्यांवर बसून बघितलं पाहिजे की वरची जागा रिकामी झाली तर ती आपल्याला मिळते. ती दरवेळी बाहेरच्याला मिळाली तर तो दुसऱ्या तालमीत जाईल, किंवा बूट माळ्यावर टाकेल. माझ्या डोळ्यांसमोर असे सहा-सात बूट माळ्यावर गेले आहेत. बाहेरचा फॉरवर्ड आणा, आनंदानं आणा, त्याला आपल्या घरचं जेवण द्या. पण मधला माणूस पेठेतला हवा. कुणाला कुठं पास आवडतो, कोण डाव्या पायानं कच्चा आहे, कोण घरी भांडून आला की पळत नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असतं.

दमाचाही प्रश्न आहेच. पाऊण तासानंतरच का गोल खातो? कारण पोरं कामावर जातात. लेफ्ट बॅक गुजरीत दुकानात उभा असतो दिवसभर. दोघं जण शिरोलीला माझ्याच फौंड्रीत आहेत, पाळी बदलती. एक पार्सल पोचवतो, रात्री अकराला गाडी लावतो. सगळे एकत्र सरावाला आले असे दिवस नोव्हेंबरात किती? माझ्या माहितीत सहा. सहा दिवसांच्या सरावावर नव्वद मिनिटं पळायचं. वरच्या आठातल्या तालमी हीच अडचण पैशानं थोडी सोडवतात, पोरांना खुराक देतात, कामावरून सुट्टी मिळवून देतात. आम्हाला तेवढं जमत नाही. पण आपल्या फौंड्रीतल्या दोघांच्या पाळ्या लीग संपेपर्यंत पहिली करून द्या, एवढं मी आमच्या सुपरवायझरला विचारू शकत होतो, आणि मागच्या सोमवारी विचारलं. ते म्हणाले, बघतो. बुधवारी पाळ्यांच्या पाटीवर नावं बदललेली होती. कुणी कुणाला काही बोललं नाही. ते स्वतः एके काळी गोलकीपर होते, हे मला त्या दिवशी दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

उरलेला हिशेब असा. चार सामने, जास्तीत जास्त बारा गुण. आमच्यापुढच्या संघाचे चार आहेत, त्याच्यापुढच्याचे पाच. गटात सगळे एकमेकांचे गुण खातात, त्यामुळे सात-आठ गुणांवर मधल्या जागा ठरतील असा माझा अंदाज. म्हणजे दोन विजय आणि एखादी बरोबरी. मला हे अशक्य वाटत नाही. ज्या संघानं ५८व्या मिनिटापर्यंत आघाडी राखली, ज्याच्या बॅकनी तिन्ही सामन्यांत हवेतले चेंडू जवळजवळ सगळे जिंकले, ज्याचा गोलकीपर सामना संपल्यावरही हातमोजे काढत नाही, तो वाईट संघ नाही. त्याच्या अंगात एक भोक आहे, आणि ते कुठं आहे ते दिसतं आहे. न दिसणाऱ्या दुखण्याची मला भीती वाटली असती.

मंगळवारी संध्याकाळी मी वही घेऊन आमच्या कोचच्या घरी गेलो. कोच आमच्याच तालमीचे, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, मला दादा म्हणतात. वहिनींनी चहा ठेवला. मी तीन नोंदी वाचून दाखवल्या. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दादा, मला पण दिसतंय. पण एक फॉरवर्ड कमी केला तर पेठ काय म्हणंल?" मी म्हटलं, पेठेला मी सांगतो. ते हसले नाहीत. वही मागून घेतली आणि ठेवून घेतली.

आज पहाटे सहाला सरावाला गेलो. रंकाळ्याकडून गार वारं येत होतं, गवतावर दव, पोरांच्या तोंडातून वाफा. आण्णा कानटोपी घालून कडेच्या दगडावर बसलेले, आज शेंगा नव्हत्या. तेरा पोरं आली होती. तेरा म्हणजे लीग सुरू झाल्यापासूनची सगळ्यात मोठी हजेरी. फौंड्रीतले दोघंही होते. कोचनी दोन बाजू पाडल्या आणि त्या बारावीतल्या पोराला बोलावून जुन्या हाफच्या शेजारी उभं केलं. त्याच्या अंगावरची जर्सी मोठी होती, बाह्या कोपरापर्यंत. जुना हाफ त्याच्याजवळ गेला, काहीतरी बोलला, हातानं जमिनीवरची जागा दाखवली. पोरानं मान हलवली आणि दोन पावलं मागं सरकला.

कोचनी बाजूनं उंच चेंडू टाकला. सेंटर बॅक उठला, डोकं लागलं, आणि चेंडू डीच्या बाहेर तिथंच पडायला निघाला, तीन सामने जिथं पडत होता. पोरगं आधीच तिथं पोचलं होतं. छातीवर घेतला, एक टप्पा पडू दिला आणि डावीकडं जुन्या हाफकडं सरकवला, साधा, जमिनीवरून. त्यानं मान वर करून पुढं दिला. चाळीस पावलांवर परगावच्या पोरानं पाठ बॅककडं ठेवून तो पायाखाली घेतला.

कोच म्हणाले, "परत." पुन्हा उंच चेंडू. पुन्हा डोकं. पुन्हा तीच जागा.

आण्णांनी कानटोपी जरा वर केली. "आता दोन हाईत," ते म्हणाले, आणि पुढचा चेंडू बघायला लागले.